दोर धरणारा घोडा



नंदुरबार जिल्ह्यात तापी नदीच्या काठी सारंगखेडा नावाचे गाव आहे. दत्तजयंतीच्या सुमारास तेथे मोठी यात्रा भरते आणि त्या यात्रेत घोड्यांचा बाजार असतो. तुमच्यापैकी खानदेशातल्या काहींनी तो पाहिलाही असेल. तेथे घोड्यांपेक्षा घोडा पारखणारी माणसे पाहण्यासारखी असतात. कोणी घोड्याचे दात पाहतो, कोणी कान. कोणी त्याच्या गळ्यावर केसांचा भोवरा शोधतो. त्या भोवऱ्याला देवमण म्हणतात. तो योग्य जागी असला की घोड्याची किंमत चढते. रंग पाहतात, उंची पाहतात, ढोलाच्या तालावर तो पाय कसे उचलतो तेही पाहतात.

घोड्याच्या बाबतीत मराठी तुम्हांला परकी वाटू नये. लगाम, रिकीब, जीन, नाल, तबेला, चाबूक, स्वार हे शब्द मला फळ्यावर लिहून समजावून सांगावे लागत नाहीत. ते तुमच्या घरचेच आहेत. फार तर ‘शिंगरू’ हा शब्द नवा असेल. शिंगरू म्हणजे घोड्याचे पिल्लू.

आता एक प्रश्न विचारतो. घोडा वरातीसाठी नको आहे, शर्यतीसाठीही नको आहे. तो गुरांच्या मागे धावायला हवा आहे. दोराच्या एका टोकाला अडकलेले वासरू त्याने एकट्याने धरून ठेवले पाहिजे, आणि त्या वेळी त्याच्या पाठीवर स्वार नसेल. असा घोडा तुम्ही कसा निवडाल? देवमण पाहून चालेल का?

अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात एका कुटुंबाने हाच प्रश्न सोडवण्यात कित्येक वर्षे घालवली. त्यांची हकिगत या पाठात सांगायची आहे. पण आधी त्या घोड्याचे काम नीट समजून घेऊ.

अमेरिकेत रोडिओ नावाचा खेळ चालतो. गुराखी आपले रोजचे कसब तेथे लोकांसमोर, घड्याळ लावून दाखवतात. त्यातला एक प्रकार वासराला दोराने पकडून बांधण्याचा आहे. मैदानाच्या एका टोकाला अरुंद कठडा असतो. त्यात वासरू उभे असते. शेजारच्या चौकोनी जागेत स्वार आपल्या घोड्यावर तयार असतो. स्वाराच्या एका हातात दोराचा फास असतो आणि दातांत एक आखूड दोरी धरलेली असते. वासराचे दार उघडते. वासराला थोडे पुढे जाऊ द्यायचे असा नियम आहे. घोडा घाईने आधी सुटला, तर स्वाराच्या वेळेत १० सेकंद दंड म्हणून मिळवले जातात. त्यामुळे घोड्याने त्या चौकोनात ताणलेल्या धनुष्यासारखे, पण अगदी स्तब्ध उभे राहायचे असते. दहा सेकंदांचा दंड बसला म्हणजे बक्षीस गेलेच म्हणून समजा, कारण चांगला स्वार सगळे काम आठ-नऊ सेकंदांत संपवतो.

त्या आठ-नऊ सेकंदांत काय काय घडते ते पाहा. घोडा वासराच्या मागे झेपावतो आणि त्याच्यापासून ठरावीक अंतरावर येतो. त्याहून जवळही नाही आणि दूरही नाही. स्वार फास फेकतो. फास वासराच्या गळ्यात पडला की घोडा मागचे पाय पोटाखाली घेऊन जागच्या जागी थांबतो. दोराचे दुसरे टोक खोगिराच्या पुढच्या उंच मुठीला पक्के बांधलेले असते. घोडा थांबत असतानाच स्वार खाली उडी मारतो, दोराच्या कडेने धावत वासरापर्यंत जातो, त्याला आडवे पाडतो, दातांतली दोरी काढून त्याचे कोणतेही तीन पाय बांधतो आणि दोन्ही हात वर करतो. तेथे घड्याळ थांबते. पण काम संपलेले नसते. स्वार परत येऊन घोड्यावर बसतो, घोडा एक पाऊल पुढे घेऊन दोर सैल सोडतो, आणि त्यानंतर सहा सेकंद वासरू बांधलेले राहिले, तरच ती वेळ धरली जाते.

मधल्या काळात घोडा काय करत होता? स्वार त्याच्यापासून काही पावले दूर होता. लगाम धरायला कोणी नव्हते, टाच मारायला कोणी नव्हते. तरी तो वासराकडे तोंड करून उभा होता आणि एकेक पाऊल मागे सरकत दोर ताठ ठेवत होता. पुढे आला असता, तर दोर ढिला पडून वासरू उठले असते. फार मागे गेला असता, तर वासरू फरफटले असते आणि त्याला इजा झाली असती. किती ओढायचे आणि कुठे थांबायचे, हे त्याचे त्याने ठरवले. मला या खेळात सगळ्यांत मोठी वाटते ती हीच गोष्ट. टाळ्या स्वाराला मिळतात, तो भाग निराळा.

तुमच्यापैकी कोणाला वासराची दया आली असेल. यायलाच हवी. पुष्कळ लोकांचा या खेळाला विरोध आहे. ब्रिटनमध्ये तर १९३४ साली केलेल्या कायद्याने अशा खेळांना जवळजवळ दारच बंद झाले. करमणुकीसाठी वासराच्या गळ्यात फास टाकावा का, यावर वाद घालता येतो, आणि विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मला चुकीचे वाटत नाही. मात्र ही विद्या करमणुकीसाठी जन्मली नव्हती, हेही खरे आहे.

तिच्यामागे एक माशी होती. इंग्रजीत तिला ‘स्क्रूवर्म’ म्हणतात. आपल्याकडे गुरांच्या जखमेत अळ्या पडतात, ते तुम्ही पाहिले असेल. काही माश्यांच्या अळ्या सडलेले मांस खातात. या माशीच्या अळ्या जिवंत मांस खातात. काटा लागला, गोचीड चावली, शिंगाचा ओरखडा निघाला की माशी तेथे अंडी घालते. नुकत्याच जन्मलेल्या वासराची ओली बेंबीसुद्धा तिला पुरते. औषध मिळाले नाही, तर आठ-दहा दिवसांत जनावर मरते. टेक्सासच्या दक्षिण भागात थंडी कमी असते, म्हणून ही माशी तेथे वर्षभर टिके. हजारो गुरे मोकळ्या माळावर पसरलेली, जवळपास गोठा नाही, डॉक्टर नाही. अशा वेळी गुराख्याने रोज माळ धुंडायचा, प्रत्येक नवे वासरू शोधायचे, फास टाकून ते पकडायचे, जखमेत औषध भरायचे आणि सोडून द्यायचे. सोबत बहुधा दुसरा माणूस नसे. दुसरा होता तो घोडाच. त्याने दोर ताठ धरला, तरच गुराख्याचे दोन्ही हात औषधासाठी मोकळे राहत. वासराची आई शिंगे रोखून धावून आली, तर पळून जायलाही घोडाच लागे.

पुढे एडवर्ड निपलिंग आणि रेमंड बुशलँड या शास्त्रज्ञांनी या माशीवर विलक्षण उपाय काढला. या जातीची मादी आयुष्यात एकदाच नराशी संग करते. म्हणून प्रयोगशाळेत लाखो नर वाढवायचे, किरणांनी त्यांना निर्बीज करायचे आणि विमानातून सोडून द्यायचे. अशा नराशी संग झालेल्या मादीची अंडी उबतच नाहीत. १९५४ साली कुरासाव बेटावर हा उपाय यशस्वी झाला. टेक्सासमध्ये १९६२ पासून अशा माश्या तयार करण्याचा कारखाना चालला. १९६६ साली अमेरिकेने स्वतःला या माशीपासून मुक्त जाहीर केले. मधून मधून ती मेक्सिकोकडून परत येत राहिली, आणि शेवटी १९८२ नंतर तेथे कित्येक वर्षे तिचा उपद्रव थांबला. २०२४ साली मात्र मेक्सिकोच्या दक्षिण टोकाला ती पुन्हा सापडली.

आता त्या कुटुंबाकडे वळू. त्यांच्या शेतवाडीचे नाव किंग रँच. रँच म्हणजे गुरे आणि घोडे पाळण्याची विस्तीर्ण जागा. विस्तीर्ण म्हणजे किती? किंग रँचची जमीन सुमारे ८ लाख २५ हजार एकर आहे. मुंबई शहर आणि उपनगरे मिळून जेवढी जागा होते, तशा पाच मुंबया तीत मावतील आणि वर जागा उरेल.

या रँचचा संस्थापक रिचर्ड किंग हा न्यूयॉर्कमधल्या एका गरीब आयरिश घरातला मुलगा. त्याला एका जवाहिऱ्याकडे उमेदवारीला ठेवले होते. तेथून तो पळाला, एका जहाजात लपून बसला आणि दक्षिणेला गेला. पुढे तो नदीतल्या आगबोटीचा कप्तान झाला. १८४६ ते १८४८ या काळात अमेरिका आणि मेक्सिको यांचे युद्ध झाले. त्यानंतर रिओ ग्रांदे नदीच्या उत्तरेचा मुलूख अमेरिकेकडे गेला आणि मेक्सिकन मालकांच्या जमिनी हळूहळू विकल्या जाऊ लागल्या. १८५३ साली किंगने सांता गर्ट्रूडिस ओढ्याकाठची साडेपंधरा हजार एकर जमीन घेतली.

जमीन झाली, पण कप्तानाला गुरे कुठे सांभाळता येत होती? पाण्यावरचा माणूस तो! १८५४ साली तो गुरे विकत घ्यायला मेक्सिकोतल्या क्रूइयास नावाच्या गावी गेला. तेथे भयंकर दुष्काळ होता. गावाने आपली सगळी गुरे त्याला विकली. गुरे घेऊन तो निघाला. मग त्याच्या मनात आले, की आपण या लोकांचे जगण्याचे साधनच घेऊन चाललो आहोत. तो परत फिरला आणि म्हणाला, तुम्हीही चला. घर, अन्न आणि मजुरी देतो. शंभराहून अधिक माणसे, म्हणजे जवळजवळ सारे गाव, बायकामुले आणि सामानसुमान घेऊन त्याच्या मागोमाग टेक्सासला गेले. अशी ही हकिगत सांगतात. त्या लोकांना पुढे ‘किनेन्यो’ हे नाव पडले. किनेन्यो म्हणजे किंगची माणसे. गुरे कशी हाकायची, फास कसा टाकायचा, शिंगरू कसे तयार करायचे, ही सारी विद्या त्यांची होती. किंगने माळ विकत घेतला होता. त्या माळावर जगायचे कसे, ते या माणसांना ठाऊक होते.

आणि ही विद्या त्यांच्याकडे कोठून आली? स्पेनमधून. स्पेनच्या काही भागांवर इसवी सन ७११ पासून १४९२ पर्यंत मुसलमानांचे राज्य होते. त्यांच्याबरोबर उत्तर आफ्रिकेतले चपळ घोडे आणि घोड्यांची सारी विद्या तेथे गेली. कोलंबसाने १४९३ सालच्या दुसऱ्या सफरीत घोडे अमेरिकेत नेले, आणि १५१९ साली कोर्तेझने १६ घोडे मेक्सिकोत उतरवले. घोड्यांबरोबर शब्दही गेले. शिंगरू प्रथम तयार करताना त्याच्या तोंडात लोखंड घालत नाहीत. नाकावरून दोराची किंवा चामड्याची वादी बांधतात. स्पॅनिश भाषेत तिला ‘हाकिमा’ म्हणतात. हा शब्द अरबी ‘शकीमा’पासून आला आहे. तांबूस रंगाच्या घोड्याला स्पॅनिशमध्ये ‘आलासान’ म्हणतात. तोही अरबीच, ‘अस्हब’पासून आलेला. म्हणजे आपल्या मराठी पागेत फारसी-अरबी शब्द आले, तसेच ते सात समुद्रांपलीकडे टेक्सासच्या पागेतही पोहोचले. ‘रोडिओ’ हा शब्द मात्र शुद्ध स्पॅनिश. त्याचा मूळ अर्थ घेरणे, गुरे घेरून एकत्र आणणे.

हा ‘आलासान’ शब्द मी उगीच काढला नाही. या कुटुंबाच्या घोड्यांची सारी कथा एका तांबूस घोड्यापासूनच सुरू होते.

रिचर्ड किंग १८८५ साली वारला. मागे जमीन राहिली आणि मोठे कर्जही राहिले. त्याची पत्नी हेन्रिएटा हिने, आणि वकिली करणाऱ्या जावयाने, म्हणजे रॉबर्ट क्लेबर्गने, ते फेडून रँच वाढवली. पुढे जावयाच्या मुलाकडे, म्हणजे धाकट्या रॉबर्ट क्लेबर्गकडे, कारभार आला. त्याच्या काळात रँचवर एक तांबूस घोडा होता. तो १९१५ साली जन्मलेला. शिंगरू असतानाच त्याला जवळच्या एका घोडेवाल्याकडून विकत घेतले होते. किनेन्यो त्याला ‘एल आलासान’ म्हणत आणि इंग्रजीत त्याचे नाव पडले ‘ओल्ड सॉरेल’, म्हणजे म्हातारा तांबडा. गुरांच्या कामात त्याच्यासारखा घोडा आपण पाहिला नाही, असे क्लेबर्गचे मत झाले. तो थोडे अंतर विजेसारखा धावे, एका पावलात वळे, आणि दिवसभराच्या उन्हातही त्याचे डोके थंड असे.

पण एक घोडा किती वर्षे काम देणार? क्लेबर्गला त्याच्यासारखे शेकडो घोडे हवे होते. इथे त्याने धाडसाची वाट धरली. ओल्ड सॉरेलची अनेक घोड्यांशी नव्हे, तर अनेक घोड्यींशी जोडी लावून त्याने मुलगे आणि मुली मिळवल्या. मग मुलग्यांना खोगीर घालून कामाला लावले. दिसायला देखणा असून जो गुरांपुढे बावरला, त्याला पैदाशीतून वगळले. कामात जो खरा उतरला, त्याचीच निवड केली. त्यांपैकी सोलिस नावाचा मुलगा पहिल्यांदा निवडला गेला. त्याची जोडी ओल्ड सॉरेलच्याच, पण दुसऱ्या घोड्यींपासून झालेल्या मुलींशी लावली. १९३७ साली अशा एका जोडीपासून विम्पी जन्मला. त्याचा बाप सोलिस आणि आई पांडा, दोघेही ओल्ड सॉरेलची अपत्ये. म्हणजे विम्पीचे वडिलांकडचे आजोबा आणि आईकडचे आजोबा एकच!

याला जवळच्या रक्ताची पैदास म्हणतात. मी काही जीवशास्त्राचा शिक्षक नाही, पण हिशेब सोपा आहे, तुम्हीही करून पाहा. प्रत्येक जीव आपल्या गुणसूत्रांचा अर्धा वाटा बापाकडून आणि अर्धा आईकडून घेतो. बाप आणि आई सावत्र भावंडे असली, तर सरासरीने आठांतल्या एका ठिकाणी पिल्लाला एकाच आजोबाची तीच वस्तू दोन्हीकडून मिळते. ती वस्तू चांगली असली, तर गुण पक्का होतो आणि पुढच्या पिढीत हमखास उतरतो. क्लेबर्गला हेच हवे होते. पण ती वस्तू वाईट असली, तर तीही पक्की होते. रक्त जवळ आणणे म्हणजे लपलेले दोष उघड्यावर आणणे. म्हणून ज्याला हे करायचे आहे, त्याच्याकडे नको ते बाजूला काढण्याचे धैर्य हवे, आणि मोठी जागाही हवी. किंग रँचकडे दोन्ही होते. १९४६ साली क्लेबर्ग आणि रँचचे शास्त्रज्ञ ए. ओ. ऱ्होड यांनी या पैदाशीचा वृत्तांत आनुवंशिकतेच्या एका शास्त्रीय नियतकालिकात छापला.

त्याआधी १९४० साली ‘अमेरिकन क्वार्टर हॉर्स असोसिएशन’ ही संस्था स्थापन झाली होती. पाव मैलाच्या, म्हणजे सुमारे चारशे मीटरच्या शर्यतीत हा घोडा सर्वांत वेगवान, म्हणून त्याच्या जातीला ‘क्वार्टर’ हे नाव पडले. संस्थेने वंशावळीची नोंदवही उघडली. फोर्ट वर्थ शहरातल्या १९४१ च्या प्रदर्शनात जो घोडा सर्वश्रेष्ठ ठरेल, त्याला पहिला क्रमांक द्यायचे ठरले. तो मान विम्पीला मिळाला. आज त्या वहीत साठ लाखांहून अधिक घोड्यांची नोंद झाली आहे, आणि रोडिओतले दोर धरणारे घोडे बहुतेक याच जातीचे असतात.

सगळीकडे मात्र असे गोड फळ आले नाही. १९४४ साली जन्मलेला पोको ब्वेनो हा टेक्सासच्या उत्तरेकडच्या वॅगनर नावाच्या दुसऱ्या एका रँचचा असाच नामांकित घोडा होता. त्याचे वंशज गुरांच्या कामात इतके हुशार निघाले, की लोकांनी त्याच रक्ताच्या जोड्या पुन्हा पुन्हा लावल्या. मग काही शिंगरांत एक विचित्र रोग दिसू लागला. दिसायला शिंगरू अगदी धडधाकट असते. दोन वर्षांचे झाले, पाठीवर पहिल्यांदा खोगीर चढले, की त्याची कातडी सुटू लागते आणि जखमा भरत नाहीत. ज्या कामासाठी त्याला जन्माला घातले, त्या कामाच्या पहिल्याच दिवशी ते निकामी ठरते. आई आणि बाप दोघांत हा दोष लपलेला असेल, तर चार शिंगरांतल्या सरासरी एकाला तो रोग होतो. त्यावर उपाय नाही. २००७ साली त्यामागचे जनुक सापडले आणि चाचणी करता येऊ लागली. २०१५ पासून पैदाशीच्या प्रत्येक नर घोड्याची अशी चाचणी झाल्याशिवाय त्याच्या शिंगरांची नोंद संस्थेच्या वहीत होत नाही.

एकच रक्त फार काळ पुरत नाही, हे किंग रँचनेही ओळखले. १९७० नंतरच्या दशकात त्यांनी मिस्टर सॅन पेपी नावाचा घोडा बाहेरून विकत आणला. गंमत पाहा, बाहेरून आणलेल्या या घोड्याच्या आईचा बाप किंग रँचवरच जन्मलेला होता, ओल्ड सॉरेलचा नातू! नदीला मिळालेले पाणी ढगातून परत आले, तसे झाले. मिस्टर सॅन पेपीचा मुलगा पेपी सॅन बॅजर याने १९७७ साली कळपातून एक गाय वेगळी काढून तिला परत जाऊ न देण्याची मोठी स्पर्धा जिंकली. त्या स्पर्धेत गाय एकदा वेगळी झाली, की स्वाराला लगाम ढिला सोडावा लागतो. पुढचे सगळे घोडाच करतो.

नुसत्या रक्ताने मात्र दोर धरता येत नाही. ज्या माणसांच्या हातून हे घोडे तयार झाले, त्यांचे काम त्या मुलखात सोपे नव्हते. तेथे मेस्किट नावाचे काटेरी झाड माजलेले असते. आपल्याकडच्या वेड्या बाभळीची ती बहीणच. अशा काट्यांतून भरधाव घोडा घालायचा, म्हणून गुराखी पायांवर जाड चामडे बांधत. शिंगराला प्रथम दोराचा स्पर्श ओळखीचा करून देत. दोर पायाला लागला, पोटाला लागला, तरी घाबरायचे नाही, हे त्याला कळेपर्यंत दिवस जात. मग थांबायला शिकवत, मग मागे सरकायला. वासराचे वजन दोरावर येणे ही तर फार पुढची पायरी. बाप हे मुलाला शिकवी आणि मुलगा नातवाला. किनेन्यो घराण्यांच्या पाच-सहा पिढ्या त्याच रँचवर राबल्या. जमीन मात्र क्लेबर्ग कुटुंबाचीच राहिली. विम्पीचा बाप, आजा, पणजा नोंदवहीत सापडतात. विम्पीच्या पाठीवर पहिले खोगीर कोणाच्या हाताने चढले, हे त्या वहीत लिहिलेले नाही.

अशाच एका किनेन्यो घरातला लॉरो कावाझोस हा मुलगा १९२७ साली रँचवर जन्मला. त्याचे वडील रँचच्या एका मोठ्या विभागाचे मुकादम होते. सुरुवातीला तो रँचवरच्या दोन खोल्यांच्या शाळेत जाई. किंग्जव्हिल गावातली चांगली शाळा तेव्हा मेक्सिकन वंशाच्या मुलांना घेत नव्हती. वडिलांनी हट्ट धरला आणि आपल्या मुलांना त्याच शाळेत घालून दाखवले. घरात आईची भाषा स्पॅनिश, वर्गात सगळे इंग्रजी. लॉरो शिकत शिकत शरीरशास्त्राचा प्राध्यापक झाला, विद्यापीठाचा प्रमुख झाला, आणि १९८८ साली अमेरिकेचा शिक्षणमंत्री झाला. त्याचा धाकटा भाऊ रिचर्ड सैन्यात चार ताऱ्यांचा जनरल झाला. मेक्सिकन वंशाच्या माणसाला तो हुद्दा मिळण्याची ती पहिलीच वेळ होती.

लॉरो कावाझोस २०२२ साली वारला. आपल्या आठवणींचे पुस्तक त्याने २००६ साली प्रसिद्ध केले. त्या पुस्तकाच्या नावात त्याने स्वतःला मंत्री म्हटले नाही, प्राध्यापक म्हटले नाही; किनेन्यो म्हटले आहे.

शब्दार्थ

फास – फंदा. शिंगरू – बछेरा. वासरू – बछडा. बेंबी – नाफ. दुष्काळ – कहत. वंशावळ – शजरा. स्तब्ध – साकित. पैदास – नस्लकशी. मुकादम – कामावर देखरेख करणारा.

स्वाध्याय

१. स्वार खाली उतरल्यावर घोडा कोणते काम करतो? तीन-चार वाक्यांत लिहा.

२. स्क्रूवर्म माशीमुळे गुराख्याला दोराची विद्या का लागत होती?

३. विम्पीची वंशावळ ओल्ड सॉरेलपासून काढून दाखवा.

४. ‘जमीन मात्र क्लेबर्ग कुटुंबाचीच राहिली,’ या वाक्यात ‘मात्र’ हा शब्द का वापरला आहे? तो काढून टाकला, तर अर्थात काय फरक पडेल?

५. तुमच्या घरात किंवा मोहल्ल्यात बापाकडून मुलाकडे आलेले एखादे कसब आहे का? ते काम करणाऱ्या माणसाला भेटा. तो वापरत असलेल्या हत्यारांची नावे मराठीत आणि उर्दूत विचारून वहीत लिहा.